गौताळा-पितळखोरा: घरच्यांसोबत एका दिवसाचा छोटा ट्रेक, नियोजनासाठी मदत हवी

सिडकोकर

नमस्कार मंडळी,

पाऊस उघडला की, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, घरच्यांना घेऊन गौताळा औट्रमघाट अभयारण्यात एक दिवसाचा छोटा ट्रेक करायचा आहे. मुक्काम नाही. सकाळी संभाजीनगरहून निघायचं, रात्रीच्या जेवणाला घरी.

आम्ही आठ जण आहोत. दोन जोडपी, माझी अकरा वर्षांची मुलगी, मेव्हण्याचा नववीतला मुलगा, आई (५८) आणि काका (६६). काकांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी मैदानाला चकरा मारतात, पण ती सपाट जमीन. डोंगराची सवय तशी कुणालाच नाही.

डोक्यात तीन ठिकाणं आहेत: पितळखोऱ्याची लेणी, अंतूर किल्ला आणि गौताळा तलाव-सीता न्हाणीचा भाग. नकाशावर तिन्ही जवळजवळ दिसतात, म्हणून एकाच दिवसात उरकावीत असं मेव्हण्याचं म्हणणं. मला ते जरा जास्त वाटतंय. जाणकारांनी सांगावं. परवानगी, वाटाड्या, पाणी, निघायची वेळ, जे सुचेल ते लिहा.

---

कन्नडवाला

सिडकोकर भाऊ, तिन्ही एका दिवसात करू नका. नकाशावर जवळ दिसतात, पण प्रत्येकाची वाट वेगळीकडून आहे. अंतूरला नागापूरच्या बाजूने जावं लागतं. गौताळा तलावासाठी कन्नडहून हिवरखेड्याचं गेट. पितळखोऱ्याला कालीमठाच्या अंगाने पठारावरून जायचं. दिवसभर गाडीत बसाल आणि डोंगर खिडकीतून बघाल. लेकरं, म्हातारी माणसं सोबत आहेत, एकच ठिकाण धरा.

माझं मत पितळखोरा. पण एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण नेमकी तिथेच शहरातून येणारी मंडळी फसतात. बाकी डोंगर आपण आधी चढतो, दमतो आणि मग उतरत घरी येतो. पितळखोऱ्याला उलटं आहे. गाडी पठारावर, लेणी खाली दरीत. सकाळी ताज्या दमात पायऱ्या उतरून जाता, खाली ओढा, गार हवा, सगळे खूश. वेळ कसा जातो कळत नाही. आणि सगळी चढण शिल्लक राहते ती परतताना, भर उन्हात, पोटात भूक असताना. उतरताना कुणीच तक्रार करत नाही, त्यामुळे कोण किती दमलंय ते कळतच नाही.

म्हणून खाली किती वाजता पोचायचं हे ठरवण्यापेक्षा वर यायला किती वाजता वळायचं हे घरीच ठरवा. माझ्या हिशेबाने साडेअकरा. लेणी बघून झाली असोत नसोत, साडेअकराला पहिली पायरी चढायला घ्यायची.

आणि चढताना काका सगळ्यांत पुढे. पोरं मागे. ते चालतील त्याच चालीने बाकीच्यांनी चालायचं.

---

सिडकोकर

हे उलट्या डोंगराचं लक्षातच आलं नव्हतं. साडेअकराची वेळ लिहून घेतली. मेव्हणा जरा हिरमुसला, पण ऐकेल. पायऱ्या कशा आहेत? आईला जमेल ना?

---

कन्नडवाला

बांधलेल्या पायऱ्या आहेत, खडी उतरण आहे, काही ठिकाणी पायरीची उंची गुडघ्याला जाणवते. ओढा ओलांडायला लोखंडी पूल आहे. पावसाळ्यात बाजूने धबधबा कोसळतो, तेव्हा खालचे दगड शेवाळाने निसरडे होतात. बसत-उठत गेल्यास आईंना जमेल. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि ते नवे कोरे नकोत. आठवडाभर घरात-बाजारात घालून मळलेले पाहिजेत.

---

बीडची_सिस्टर

मी रुग्णालयात काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते.

काकांच्या डॉक्टरांना आधी विचारा. "सकाळी दोन-तीन तास चढ-उतार आहे, गोळीची वेळ आणि मात्रा तीच ठेवायची का?" एवढाच प्रश्न. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जास्त श्रम झाले की साखर खाली जाते. दरदरून घाम, हातापायाला कंप, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी अशी लक्षणं दिसली की थांबवा, खाली बसवा, ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी द्या. ही पुडी काकांच्या स्वतःच्या खिशात पाहिजे, गाडीच्या डिकीत ठेवून उपयोग नाही. उपाशीपोटी गोळी घेऊन चालायला लागू नका. आणि काकांच्या पायात मोजे हवेतच. शुगर असलेल्या माणसाला तळव्याला फोड आला तरी कळत नाही, घरी आल्यावर दोन्ही तळवे उजेडात बघा.

पाणी माणशी तीन लिटर धरा. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे चांगलंच तापतं आणि दरीत वारा पडला की घामाच्या धारा लागतात. ओआरएसची पाकिटं न्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा, अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका.

आणखी एक. जायच्या आधी दोन-तीन रविवार सगळ्यांना गोगाबाबा टेकडीवर न्या. आई-काकांना दौलताबादचा किल्ला जमेल तितका चढवून आणा. कुणाचा गुडघा कुरकुरतो ते तिथेच कळेल, आणि तिथून रिक्षाने घरी येता येतं.

---

एकटा_भटका

एवढं घाबरवू नका हो मंडळी त्यांना. मी तर म्हणेन पायऱ्यांनी जाऊच नका, खरी मजा पाटणादेवीकडून आहे. खाली चंडिकादेवीचं देऊळ, तिथून जंगलातून वर पितळखोरा, वाटेत धवलतीर्थ, केदारकुंड. वाटाड्याची गरज नाही. मोबाईलवर नकाशा उतरवून घ्या, रेषेवर चालत राहा. दहा-पंधरा जणांच्या गाईड घेतलेल्या गर्दीत जंगल दिसत नाही.

---

जाळरेषा

वनखात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. एकटा_भटका यांच्या या सल्ल्याशी मी सहमत नाही आणि कारणं देतो.

पाटणादेवीची वाट सुंदर आहे, दुमत नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, १२०७ साली कोरवलेला शिलालेख तिथल्या पाटणचा. गणितात रस असलेल्या मुलांना हे गाव जरूर दाखवावं. पण तो वेगळा दिवस. कारण तिकडे गाडी न्यायची तर कन्नड घाट उतरून चाळीसगावला जावं लागतं आणि तिथून पुन्हा आत. त्या घाटात वाहतूक अडकली की तासन्‌तास जागचं हलता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत तिथे दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, हे सगळ्यांना आठवत असेल. कालीमठाकडून गेलं की घाट उतरावाच लागत नाही.

दुसरं, मोबाईलवरच्या रेषेबद्दल. ती रेषा कुणीतरी कोरड्या दिवसात चालून काढलेली असते. पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत वाढतं, वाट दिसत नाही आणि गुरांच्या दहा वाटा फुटलेल्या असतात. नाल्याला पाणी असेल तर रेषा तुम्हाला नाल्यात नेऊन सोडते. सोबत अकरा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांचे काका आहेत, म्हणून गावातला माहीतगार माणूस घ्यावा. त्याच्या हाताला दिवसाचं कामही मिळतं.

आता नियमांचं. गौताळा हे १९८६ पासून अभयारण्य आहे, साधारण २६० चौरस किलोमीटर, संभाजीनगर आणि जळगाव दोन जिल्ह्यांत पसरलेलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे पूर्ण लागू आहे. कलम २७ प्रमाणे विनापरवानगी आत शिरता येत नाही. नाक्यावर नावं, गाडीचा नंबर, माणसांची संख्या नोंदवा, शुल्क भरा, पावती सांभाळा. संध्याकाळी कोण परतलं नाही हे त्या नोंदीवरूनच वनरक्षकाला कळतं. कलम ३० प्रमाणे आग लावायला बंदी आहे. यात चूलही आली आणि विडीचं थोटूकही आलं. ऑक्टोबरनंतर गवत वाळायला लागतं, आणि आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर ज्या जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढतो त्या तोवर काढलेल्या नसतात.

---

एकटा_भटका

जाळरेषा काका, गवताचं आणि घाटाचं पटलं. माझा अनुभव उन्हाळ्याच्या तोंडचा आहे, तेव्हा वाटा मोकळ्या असतात. घरच्या मंडळींसाठी पायऱ्याच बऱ्या. पाटणादेवीची वाट मात्र पुढे कधीतरी कराच, माहीतगार घेऊन.

---

सिडकोकर

काका, मनापासून आभार. जनावरांचं विचारायचं राहिलं. बिबट्याची भीती आईच्या मनात पक्की बसली आहे. आणि मेव्हण्याच्या मुलाला वाघ बघायचा आहे!

---

जाळरेषा

बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, नीलगाय, रानडुक्कर आहेत. दिवसाढवळ्या, आठ माणसं बोलत चालली असताना ही जनावरं आपणहून बाजूला होतात. मुलांनी पुढे पळू नये, कुणी एकट्याने झाडीत जाऊ नये, एवढं पाळा. अस्वलाला ऐकू कमी येतं आणि ते आपल्याच नादात असतं, म्हणून दाट झुडपाच्या वळणावर बोलत जावं. गाणी मात्र लावू नका.

वाघाचं म्हणाल तर २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ गौताळ्यात येऊन पोचला, कॅमेऱ्यात त्याचे फोटो मिळाले. कित्येक दशकांनी या डोंगरात वाघ आला होता. मधल्या सगळ्या शेतांतून, रस्त्यांतून, नदीनाल्यांतून चालत तो आला. मुलाला वाघ दिसणार नाही, पण नकाशावर टिपेश्वर ते कन्नड बोट फिरवून दाखवा. नववीतल्या पोराला त्यातून पुष्कळ कळेल.

खरी काळजी करायची ती फुरशाची आणि आग्या मोहोळाची.

फुरसं हा विषारी साप, आकाराने लहान, रंगाने मातकट, दगडगोट्यांत आणि पाचोळ्यात दिसतच नाही. डिवचलं की वेटोळं घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. आपल्या कोरड्या खडकाळ भागात ते भरपूर. बसायच्या आधी काठीने जागा ठोका. दगडाखाली, कपारीत हात घालू नका. पायऱ्यांच्या कडेला हात टेकायची सवय असते सगळ्यांना, तिथे आधी बघा. चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, बाबा-मांत्रिकाकडे जाऊ नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

आग्या मोहोळं कड्यांना आणि लेण्यांच्या कपाळाला लागलेली असतात. अत्तर, सेंट नको, भडक कपडे नकोत, धूर नको, आणि मुलांनी दगड भिरकावायचा नाही. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून तिथून लांब निघायचं. हातवारे करत उभं राहिलं की त्या जास्त चिडतात.

---

पैठणकर

सगळे सापा-बिबट्याचंच लिहितायत, लेण्यांबद्दल कुणीच नाही! एवढं उतरून जाणार ते कशासाठी?

पितळखोरा ही देशातल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेण्यांपैकी एक. सुरुवात इसवी सनाच्या आधीची, सातवाहनांच्या काळाच्या आसपासची. आणि आम्हा पैठणच्या लोकांना विशेष वाटावं असं म्हणजे तिथल्या शिलालेखांत प्रतिष्ठानच्या दात्यांची नावं आहेत. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. मितदेव नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि मगिल नावाचा राजवैद्य. पैठणच्या पेठेतल्या माणसाने सातमाळा डोंगररांगेतल्या या दरीत खांबासाठी पैसे दिले, आणि ते नाव आजही दगडावर आहे.

मुलीला चौथ्या लेण्याशी घेऊन जा. जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे, दाराशी द्वारपाल आहेत. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग नीट बघा. त्याच्या फण्यांना भोकं आहेत. वरच्या खडकातून पन्हळ काढून पाणी त्या फण्यांतून बाहेर पडेल अशी योजना केली होती. येणाऱ्याने त्या पाण्याने पाय धुऊन आत जावं असा हेतू असणार. मुलीला पन्हळ शोधायला सांगा, ती अर्धा तास तिथून हलणार नाही. तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहात म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, खांबांवर रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. फ्लॅश मारू नका आणि हात लावू नका.

इथे सापडलेली ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कन्हदास, आणि तो सोनार होता. निघायच्या आधी तिचा फोटो मुलांना दाखवा. ती मूर्ती जिथून गेली ती जागा बघताना त्यांचे डोळे वेगळे असतील.

दगड खूप झिजलाय, पुष्कळ भाग कोसळलाय. वेरूळसारखं भरगच्च काही दिसेल या अपेक्षेने जाऊ नका.

---

जालन्याची_माहेरवाशीण

बायकांच्या सोयीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. सिडकोकर, तुमच्यासोबत तीन बायका आणि एक मुलगी आहे. दरीत आडोसा शोधत फिरायची वेळ येऊ नये म्हणून कन्नडमध्येच चहाला चांगल्या हॉटेलात थांबा. पाळीच्या तारखा जुळत असतील तर कागदी पिशव्या आणि एक झाकणाचा डबा जवळ ठेवा, वापरलेलं तिथे टाकायचं नाही, परत आणायचं. बायका पाणीच पीत नाहीत लघवीला जावं लागेल म्हणून, आणि मग चढताना त्यांनाच चक्कर येते. आईंना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

खायला धपाटे घ्या. दोन दिवस टिकतात, हाताला चिकटत नाहीत, थंडही चांगले लागतात. सोबत दाण्याची चटणी, गूळ, केळी. दही उन्हात आंबतं, त्यापेक्षा कैरीचं लोणचं बरं. डबा पठारावर गाडीपाशी उघडायचा. खाली अन्न काढलं की वानरं येतात, पिशवी ओढतात आणि मुलं घाबरून पायऱ्यांवर पळतात. खाली फक्त चिक्की आणि खजूर.

---

मांजराकाठ

आम्ही लातूरकडचे, आमच्याकडं जंगल नावापुरतंच, म्हणून हा धागा लई आवडीनं वाचूलालो. कन्नड आम्हाला एका दिवसात जमत नाही. ज्यांचं असंच आहे त्यांनी धाराशिवजवळचं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य बघावं. लहान आहे, पण झाडी दाट. रामलिंगाचं देऊळ दरीत आहे, पावसाळ्यात बाजूला पाणी पडतं. जटायूनं रावणाला अडवलं ते इथंच, अशी लोकांची श्रद्धा. म्हाताऱ्या माणसांना झेपण्यासारखं आहे. श्रावणात गर्दी असते, ती टाळून जावा.

---

सिडकोकर

सगळ्यांचं वाचून, घरी बसून हे ठरवलं:

फक्त पितळखोरा. सकाळी साडेपाचला घर सोडायचं, दौलताबाद-वेरूळवरून कन्नड, तिथे नाश्ता आणि चहा. साडेआठच्या आत पठारावर. साडेअकराला वर यायला सुरुवात. जेवण गाडीपाशी. मग कालीमठाला दर्शन आणि उजेडात घरी. काकांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. या रविवारी गोगाबाबा टेकडी.

दोन शंका. जायच्या दिवशी ढग असतील तर काय करायचं? आणि खाली रेंज नसते असं ऐकलं, ते खरं का?

---

कन्नडवाला

दरीत रेंज भरवशाची नाही, खालून फोन लागेल हे धरून चालू नका. घरी जो मागे राहणार आहे त्याला सांगून जा: "दुपारी दोनपर्यंत आमचा फोन आला नाही तर आम्हाला लाव, चारपर्यंत लागला नाही तर वनविभागाच्या १९२६ ला आणि ११२ ला कळव." गाडीचा नंबर आणि माणसांची नावं त्याच्याकडे लिहून ठेवा. मुलांच्या गळ्यात शिट्टी अडकवा.

ढगांचं सांगतो. परतीचा पाऊस आपल्याकडे बहुतेक दुपारनंतर भरून येतो आणि विजा घेऊन येतो. जवळपास वीज पडायची शक्यता दाखवणारं पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप फोनमध्ये घ्या, कन्नडला चहा पिताना बघा. पठार उघडंबोडकं आहे. गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली जाऊ नका, गाडीत बसा. आदल्या रात्री तिकडे जोराचा पाऊस झाला असेल तर खाली उतरूच नका, मग सकाळी आभाळ कितीही निरभ्र असो. वरच्या पठाराचं सगळं पाणी त्याच ओढ्याला येतं. ओढा गढूळ दिसला, पाण्याबरोबर काड्या-पाचोळा वाहताना दिसला, तर पूल ओलांडायचा नाही. तसं झालं तर वरूनच दरी बघा आणि येताना वेरूळ करा. लेकरांचा दिवस वाया जाणार नाही.

---

सिडकोकर

हे मेव्हण्याला आत्ताच वाचून दाखवलं. पर्यायी दिवस म्हणून पुढचा रविवारही मोकळा ठेवतोय, म्हणजे "आलोच आहोत तर उतरू" असं कुणी म्हणणार नाही. पैठणकरांनी सांगितलेला यक्षाचा फोटो मुलीने मोबाईलवर शोधून काढला, नागाची पन्हळ मीच आधी शोधणार असं भावाला बजावून झालंय.

कन्नडवाला भाऊ, एक शेवटचं. माहीतगार माणूस आदल्या दिवशी ठरवावा लागेल का?

---

कन्नडवाला

पायऱ्यांच्या वाटेला वाटाड्या नसला तरी चालतं. पण काकांची पिशवी आणि पाण्याचं ओझं उचलायला एक जण हवाच, म्हणजे तुमचे हात मुलांसाठी मोकळे राहतील. आदल्या दिवशी ठरवा, पैसे आधी बोलून घ्या आणि त्याच्या वाटणीचे धपाटे घरून जास्त करून आणा.